पांढरं ते जवळ

१

शनिवारी सातपूर मरून पडतं. कारखाने बंद, रस्ते रिकामे, टपरीपुढची कुत्रीसुद्धा उठायचं नाव घेत नाहीत. कारभारी मात्र शनिवारीही गाळा उघडायचा. घरी बसून करणार काय, भिंतींशी भांडणार? भिंती उलट बोलत नाहीत, आणि जे उलट बोलत नाही त्याच्याशी भांडण्यात कारभारीला गोडी नव्हती.

शटर वर करायचं. देवापुढं उदबत्ती लावायची. मशीनवरून फडकं फिरवायचं. मग मागच्या लाकडाच्या खोलीचं दार ओढून लावायचं. ते दार एका पावसाळ्यात फुगलं ते फुगलंच. उघडताना आणि लावताना फरशीला असं घासायचं की शेजारचा गाळेवाला विचारायचा, "कारभारी, कोणाचा गळा दाबताय?" दाराला जरा रंधा मारा, असं सांगून लोक थकले. कारभारीच्या हाताशी रंधे होते, लाकडाचाच धंदा होता, पण त्यानं मारला नाही. "ओरडू दे," म्हणायचा. "कोणी आत-बाहेर झालं तर कळतं तरी."

धंदा साच्यांचा. गौरीचे मुखवटे, खंडोबाचे, देवीचे टाक, ह्यांचे लाकडी साचे तो करायचा. मग गावातले तांबट त्यावर चांदीचा नाहीतर पितळेचा पत्रा ठोकून मुखवटा उठवायचे. पूर्वी कारभारी हातानं कोरायचा. हात कापायला लागले तसं भाच्यानं, शेखरनं, कोरायचं मशीन बसवून दिलं आणि त्याला हुकूम द्यायला एक कॉम्प्युटर ठेवला. त्या कॉम्प्युटरमध्ये तो चालवायला लिनक्स होतं. कारभारी चौथीत शाळा सोडलेला. त्याला लिनक्स काय नि फिनक्स काय. डब्यावर लिनक्सची खूण म्हणून चिकटवलेल्या पेंग्विनला तो बदक म्हणायचा.

त्या शनिवारी दुपारी शेखर बॅग घेऊन आला. दसरा होऊन गेला होता आणि दसऱ्यापासून कॉम्प्युटर चालू होत नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्या धावायच्या आणि मध्येच खिळायच्या.

शेखरनं डब्याची बाजू उघडली. आत वाकून बघितलं.

"मामा, हे काय आहे?"

"काय?"

"पंख्याला झेंडू चिकटलाय."

"मंग चिकटला असंल. खंडेनवमीला पूजा केली सगळ्यांची."

"आणि हे लाल?"

"कुंकू. दुसरं काय असतं पूजेला?"

"आणि हे सगळं चिकट काय आहे?"

कारभारीनं तोंड फिरवलं. "नारळ फोडला. त्याचं पाणी शिंपडलं. ड्रिलवर शिंपडलं, करवतीवर शिंपडलं, मंग त्यालाच काय उपाशी ठेवायचं?"

"ड्रिल लोखंडाचं आहे, मामा. हे करवत नाही."

"काम करतंय ना? मंग हत्यारच ते."

शेखरनं कपाळाला हात लावला. "आतली डिस्क गेलीय. संपूर्ण गेली नाही, पण जाते आहे. सगळं पुसून नवीन टाकावं लागेल."

"पूस मंग. मला कशाला इचारतो?"

"पुसायच्या आधी आतलं काढायला पाहिजे. मामी आत आहे."

कारभारी गप्प झाला. शेखरला माहीत होतं की हा माणूस एका वाक्यात गप्प होत नाही. झाला.

२

साळूबाईला फोटो काढून घ्यायचा तिटकारा. लग्नाचा एक होता, तो वाळवीनं खाल्ला. आधारकार्डावरचा असा की पोलिसानं बघितला तर तोच पळेल. मुलगी सायली सिन्नरला दिली, तिच्या लग्नातसुद्धा कॅमेरा आला की साळूबाई चुलीशी जायची.

एकदाच बसली. मागच्या वर्षी, दसऱ्यानंतर. शेखरनं फोनमध्ये काहीतरी नवीन आणलं होतं. माणसाभोवती फोन फिरवला की त्याचा उंचसखलपणा मोजून घेणारं. कारभारीला गौरीचा मुखवटा नव्या धाटणीचा करायचा होता, खऱ्या बाईच्या चेहऱ्याचा. "गौरीसाठी हाय," म्हटल्यावर साळूबाई पदर सावरून स्टुलावर बसली. स्टूल कॉम्प्युटरपुढं होतं, आणि तिची पाठ लाकडाच्या खोलीच्या दाराकडं.

शेखरनं फोन फिरवला. "मामी, हलू नका."

"हलत नाय रे. पण ते दार लावा हो, मागून गार लागतंय."

कारभारीनं बघितलं. "लागलेलंच हाय," तो म्हणाला. "म्हातारी झालीस, हाडात वारं शिरलं."

ती हसली नाही. एवढंच.

त्यानंतर साळूबाईनं घरातली बाज ओढून भिंतीला लावली. तांदूळ निवडायला बसली तरी भिंतीला पाठ लावून बसायची. जेवायला वाढताना अशी आडवी आडवी चालायची की कारभारी खेकसायचा, "खेकडी झाली काय?" महिनाभरात गेली. भिंतीला टेकून बसली होती, तशीच. डॉक्टर म्हणाला, हृदय. कारभारी म्हणाला, असंल.

त्या गौरीचा मुखवटा त्यानं केलाच नाही. पण आता वर्षश्राद्ध आलं होतं, आणि त्याआधी साळूबाईचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा होता. त्यांच्या घरात तशी रीत. बसवला नाही तर माणूस घराबाहेरच राहिल्यासारखं. सायली रोज फोन करून विचारायची, "नाना, आईचं काय झालं?" साचा करायला चेहरा पाहिजे, शेखरचा तो फोन मध्यंतरी मेलेला, आणि जगात साळूबाईचा चेहरा आता एकाच ठिकाणी होता. झेंडू अडकलेल्या त्या डब्यात.

त्या डब्यावर नारळाचं पाणी कोणी ओतलं, हे कारभारीला कोणी सांगायची गरज नव्हती.

३

शेखरनं पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटर डिस्कवरनं चालू न होता पेनड्राइव्हवरनं चालू झाला. वर पेंग्विन आला.

"आलं बदक," कारभारी म्हणाला.

"आता डिस्क वाचायला लावतो. निघेल ते ह्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठेल. वेळ लागेल. ह्याची रीत अशी, की जे सहज वाचता येतं ते आधी काढून घेतो. जिथं अडतं ते सोडून पुढं जातो. मग अडलेल्या जागी परत येतो. परत अडलं तर परत येतो. दर फेरीला थोडं थोडं जास्त सापडतं."

"तगादा लावल्यासारखं."

"तसंच."

डब्यातून आवाज यायला लागला. टक. मग थोडं थांबून टक-टक. कोणी नखानं लाकडावर वाजवावं तसा. शेखर म्हणाला, आतली सुई अडखळते आहे. कारभारी म्हणाला, सुई असं वाजत नाय. शेखर म्हणाला, मामा, तुम्ही किती डिस्क बघितल्या? कारभारी म्हणाला, सुया लय बघितल्या.

गाळ्यात बाकी आवाज नव्हता. एरवी शेजारी प्रेस धडधडते, समोर कोणी ग्राइंडर लावतो, आणि त्या गोंगाटात माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही, तेच बरं असतं.

पहिली फेरी संपली. शेखरनं मामीची फाईल उघडली.

मशीनला चित्र कळत नाही, उंची कळते. म्हणून मशीनचं चित्र रंगाचं नसतं, राखाडी असतं. हे शेखरनं पूर्वीच समजावलं होतं आणि कारभारीला ते एका दमात कळलं होतं, कारण ते लाकडाचं गणित होतं. पांढरं ते जवळ, काळं ते लांब. नाकाचा शेंडा सगळ्यात पांढरा. गाल जरा मळका. कान त्याहून मळके. आणि माणसाच्या मागं काही नसतं, तिथं काळंभोर.

अर्धी साळूबाई आली होती. कपाळ, भुवया, नाक. ओठांच्या खाली नुसत्या आडव्या रेघा.

कारभारी जवळ गेला. खूप जवळ. हात वर केला आणि परत खाली घेतला.

"तोंड नाय आलं," तो म्हणाला.

"येईल. पुढच्या फेरीत."

"तोंड आलं पायजे. तोंडाशिवाय काय टाक करायचा तिचा? तोंडच तर होतं."

४

दुसऱ्या फेरीत तोंड आलं. हनुवटी आली, गळा आला, खांद्यावरचा पदर आला. साळूबाई ओठ घट्ट मिटून बसली होती. गौरीसाठी बसली आहे असं काही वाटत नव्हतं. कोणीतरी आत्ता काहीतरी बोलेल आणि आपण उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून बसल्यासारखी दिसत होती.

"झालं," शेखर म्हणाला. "वाचली मामी." त्यानं लगेच फोन वायरनं जोडला.

"आता हे काय?"

"कॉपी. तो फोन मेला तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट एकाच ठिकाणी ठेवत नाही. दोन ठिकाणी पाहिजे."

कारभारीचं लक्ष तिकडं नव्हतं. तो चित्राच्या वरच्या कोपऱ्याकडं बघत होता. साळूबाईच्या डाव्या कानामागं, काळ्यात, एक डाग होता. राखाडी. अंगठ्याएवढा.

"शेखऱ्या, हे मागचं काय?"

"कुठं?"

"हे. काळ्यात."

शेखर वाकला. "नॉइज आहे. खराब डिस्कवरून काढलं की असं येतं."

"मागं काय होतं तेव्हा?"

"काहीच नाही. आणि असतं तरी आलं नसतं. मागचं सगळं मीच काळं भरलं होतं, मशीननं भिंत कोरत बसू नये म्हणून."

"मंग काळंच पायजे."

"हो."

"मंग हे काय?"

शेखरनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. "दुसऱ्या कुठल्या फाईलचा तुकडा मिसळला असेल, मामा. कधी देवीचा साचा, कधी खंडोबाचा. डिस्कवर सगळं शेजारीशेजारी असतं."

हे कारभारीला पटलं. शेजारी शेजाऱ्याच्यात घुसतो, ते त्यानं आयुष्यभर बघितलं होतं. पण डबा अजून टक-टक करत होता. तिसरी फेरी चालू होती.

"आता कशाला शोधतोय? मिळाली ना?"

"बाकीच्या फायली आहेत, तुमचे सगळे साचे. चालू दे."

टक. टक-टक. आता कारभारीला दिशा सांगता येईना. आवाज डब्यातूनच येत होता. डबा टेबलाखाली होता. आणि तरी त्याची मान दर वेळी दाराकडं वळत होती. दार लागलेलं होतं. सकाळी त्यानंच लावलं होतं. उघडलं असतं तर अख्ख्या सातपुराला कळलं असतं.

तिसऱ्या फेरीनंतर त्यानं शेखरला परत फाईल उघडायला लावली. शेखर कुरकुरला, पण उघडली.

डाग आता कानामागं नव्हता. खाली आला होता, खांद्याच्या मागं. लांबट झाला होता. आणि फिका झाला होता.

"जास्त सापडलं म्हणून फिकं दिसतंय," शेखर म्हणाला. "अडलेल्या जागा भरतायत."

"शेखऱ्या, लाकडात फिकं म्हणजे काय?"

"मामा."

"सांग की. तूच शिकवलं."

"फिकं म्हणजे वर," शेखर म्हणाला. "जवळ. पण हा खराबा आहे, त्याला काही अर्थ नसतो."

"चहा आण," कारभारी म्हणाला.

५

शनिवारी चहा सातपुरात मिळत नाही. शेखरला गाडी काढून त्र्यंबक रोडपर्यंत जावं लागणार होतं. पण जाण्याआधी कारभारीनं त्याच्याकडून एक काम करून घेतलं.

"पुसायच्या आधी लाकडात उतरव."

"काय?"

"तिला. एक तुकडा लाव मशीनला. पडद्यावरचं मला कळत नाय. डाग हाय का खराबा हाय, ते लाकूड सांगंल. माझ्या हातानं बघितल्याशिवाय मी काय पुसू देणार नाय."

"मामा, हे पेनड्राइव्हवर चाललंय."

"बदक आलं ना? मंग चालतंय."

त्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा चहाला जाणं सोपं होतं. शेखरनं शिवणीच्या लाकडाचा तुकडा शिकंज्यात आवळला, फाईल मशीनला जोडली, काम सुरू करून दिलं. जाड पातं लाकडावर उतरलं. "तुम्ही फक्त बघा," शेखर म्हणाला. "काही वेडंवाकडं झालं तर लाल बटण." मग त्याची गाडी गल्लीतून निघून गेली.

मशीन आधी जाडंभरडं काढतं. वरचा वरचा थर उडवतं. जे सगळ्यात उंच असतं ते पहिल्यांदा सुटं होतं, आजूबाजूचं लाकूड गेलं की बेटासारखं उभं राहतं. चेहरा असेल तर आधी नाकाचा शेंडा. मग भुवया, हनुवटी. कान सगळ्यात शेवटी. कारभारीनं असे शेकडो चेहरे वर येताना बघितले होते. पाण्यातून माणूस वर यावा तसे येतात. त्याला ते बघायला आवडायचं. कोणाला सांगितलं नव्हतं, पण आवडायचं.

तो स्टूल ओढून बसला. स्टूल तेच होतं. बसल्यावर लक्षात आलं की पाठही तिकडंच आहे.

भुसा उडत होता. पातं गेलं, आलं, गेलं, आलं. मध्यभागी, जिथं नाक पाहिजे, तिथं पातं सरळ निघून गेलं. काही राहिलं नाही. कारभारी पुढं झुकला. फाईल वाकडी लागली असेल. तुकडा सरकला असेल. शेखऱ्यानं घाईत काहीतरी घोळ घातला असेल, घालतोच.

मग पातं डावीकडं, खांद्याच्या जागी गेलं, आणि उचललं गेलं. पुन्हा टेकलं. पुन्हा उचललं गेलं.

लाकडात एक छोटं गोल टेंगूळ राहिलं. त्याच्या शेजारी दुसरं. कारभारीला वाटलं, पदराचा काठ. मग वाटलं, मण्यांची माळ. पण साळूबाईनं त्या दिवशी माळ घातली नव्हती, आणि माळेचे मणी असे एकापेक्षा एक लांब नसतात. मधलं सगळ्यात पुढं होतं. शेवटचं सगळ्यात मागं. आणि जरा अंतर सोडून, आडवं, एक जाड.

पातं पुढच्या थरात गेलं. टेंगळं लांब झाली. एकावर सपाट कड आली, नखाच्या मुळाशी असते तशी.

साळूबाई अजून आलीच नव्हती. तिचं नाक लाकडात कुठंतरी खाली होतं, गाल खाली होते, ती सगळी खाली होती. तिच्याआधी हे वर आलं होतं.

कारभारीनं लाल बटण दाबलं.

पातं थांबलं. भुसा खाली बसला. डब्यातली टक-टकही थांबलेली होती. कधी थांबली ते त्याला सांगता आलं नसतं.

मागून गार लागत होतं.

वारा असा नव्हता. वारा हलतो. हे मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये येऊन थांबलं होतं, फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर तळव्याला लागतं तसं. दार उघडलं असेल, कारभारीच्या मनात आलं. आणि लगेच आलं, दार ओरडलं नाही.

वळून बघायचं होतं. त्याच्यासारखा माणूस, पोलिसाला शिव्या देणारा, सावकाराच्या दारात थुंकलेला, तो वळला नाही. त्यानं समोर बघितलं, पडद्याकडं. पडद्यावर साळूबाईची फाईल होती. आता तिथं साळूबाई नव्हती. काळं नव्हतं, राखाडी नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत नुसतं पांढरं होतं.

त्यानं डोळे मिटले आणि स्टुलासकट सरकत सरकत भिंतीपर्यंत गेला. पाठ भिंतीला लागली तेव्हा त्याला कळलं की आपण खेकड्यासारखे सरकत आलो.

६

शेखर आला तेव्हा कारभारी भिंतीला टेकून बसलेला होता आणि पडदा काळा होता.

"झोपलाय पडदा," शेखर म्हणाला. त्यानं माउस हलवला. साळूबाई आली. ओठ मिटलेले, पदर सावरलेला. "मशीन का थांबवलं?"

"बघ."

शेखरनं मशीनवरचा तुकडा बघितला. वाकून बघितला. बोट लावायला गेला आणि लावलं नाही. चहाची पिशवी हातात तशीच राहिली.

"खराबा आहे," तो म्हणाला.

"असंल."

"मी हा भाग कापून टाकतो. नुसता चेहरा ठेवतो, खांद्याच्या वरचा. तेवढ्यात टाक होईल, मामा."

"शेखऱ्या, चेहऱ्यावर कायबी नाय ना पडलेलं? आत्ता?"

शेखरनं पडद्याकडं बघितलं. कारभारी शेखरकडं बघत होता. शेखर बघत राहिला, जरा जास्तच वेळ, आणि मग त्यानं खिडकी बंद केली.

"पूस," कारभारी म्हणाला.

"मामीचं दुसरं काहीच नाही आपल्याकडं. एकदा पुसलं की गेलं. उद्या तुम्हालाच वाईट वाटेल."

"मामी एकटी बसली होती त्या दिवशी. ही एकटी नाय. पूस."

"टाकाचं काय? सायलीला काय सांगणार?"

"सुपारी ठेवीन देव्हाऱ्यात. सुपारीला तोंड नसतं, तेच बरं." तो उठला. भिंत सोडली नाही, एक हात मागं भिंतीवर ठेवूनच उठला. "अजून कुठं हाय का हे? त्या काडीत हाय ना?"

शेखरनं पेनड्राइव्हकडं बघितलं. "ह्या दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये आहे."

"अजून?"

शेखरचा हात खिशाशी गेला, फोनवर थांबला. "नाही," तो म्हणाला.

कारभारीनं तो पेनड्राइव्ह घेतला, ड्रिलखाली धरला आणि आरपार भोक पाडलं. शिवणीचा तुकडा उलटा करून चुलीत घालण्याच्या लाकडांत टाकला. मग परत बाहेर काढला, करवतीवर धरला, चार फोडी केल्या, आणि त्याच क्रमानं ठेवल्या नाहीत.

शेखरनं जुनी डिस्क काढून नवी लावली. जुनीवर हातोडा कारभारीनं मारला. नवीवर पेंग्विन आला, भाषा विचारली, गाव विचारलं, सगळं टाकून झालं. मशीन जाग्यावर जाऊन शहाण्यासारखं उभं राहिलं. शेखर चहा प्यायला. चहा गार झाला होता.

"पुढच्या खंडेनवमीला ह्याच्यावर नुसतं फूल ठेवा," शेखर जाताना म्हणाला.

"बघू."

"नाहीतर दुरून नमस्कार करा."

"निघ आता, डोकं नको खाऊ."

७

संध्याकाळ व्हायला आली. कारभारीनं शटर अर्धं खाली घेतलं आणि दारासमोर उभा राहिला. लाकडाच्या खोलीच्या. मुद्दाम पाठ करून उभा राहिला. काही नाही. मानेखाली ऊबच होती, साधी, घामाची. त्याला इतकं हलकं वाटलं की साळूबाई गेल्यापासून वाटलं नव्हतं, आणि त्याचा त्याला रागही आला. तिचं सगळं पुसून माणसाला हलकं वाटावं, ही काय रीत झाली?

पण गेलं होतं. जे होतं ते गाळ्यातून गेलं होतं. ते त्याला पाठीवर कळत होतं.

फोन वाजला. सायली.

"नाना, जेवलात?"

"आत्ता कुठं जेवण? दिवस हाय अजून."

"किती सुंदर आलाय हो आईचा." तिनं नाक ओढलं. "मी केव्हाची बघत बसलेय."

कारभारीला आधी कळलंच नाही. "कोणाचा?"

"आईचा चेहरा. शेखरदादानं दुपारी पाठवला, चहा घ्यायला गेला होता तिथून. म्हणाला, आत्ता नानांना सांगू नको. मोठा करून बघतेय. भुवईजवळचा व्रणपण आलाय. नाना?"

"हं."

"तुम्ही तिच्या मागं उभे होते होय? मला कधी सांगितलं नाही. हात दिसतोय खांद्यावर. आधी लक्षात आलं नव्हतं, आता नीट दिसतोय."

कारभारी भिंतीकडं सरकला, पण भिंतीचा आता उपयोग नव्हता. "सायली, तू कुठं बसलीस?"

"घरात."

"घरात कुठं? कोण हाय सोबत?"

"कोणी नाही, हे दुसऱ्या पाळीला गेलेत. टेबलाशी बसलेय. काय झालं?"

"ते पूस."

"काय पुसू?"

"आईचं ते. आत्ताच्या आत्ता पूस आणि बाहेर ओट्यावर जा. शेजारणीकडं जा."

"नाना, काय बोलताय? वर्षानं आई दिसली मला. तुम्हाला रडायचं नसतं म्हणून मी पण..." ती थांबली. "एक मिनिट हं. दार लावून येते. मागून गार लागतंय."

"सायली, उठू नको. भिंतीला पाठ लाव. सायली."

तिनं फोन टेबलावर ठेवला होता. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. कारभारी ऐकत राहिला. बिजागरीचा, कडीचा, कशाचा तरी आवाज यायला पाहिजे होता. आला नाही. चपला थांबल्या होत्या. मग त्या परत आल्या, सावकाश. खुर्ची सरकली.

"हं," सायली म्हणाली.

"लावलंस का दार?"

"लागलेलंच होतं, नाना."